विश्लेषण : कुर्ली हलाल की हराम? एकच कुराण, एकच किनारा, मग उत्तरं दोन का?

मालवणच्या मासळी बाजारात ताजी कुर्ली आली की सुरमई-पापलेटाचा विषय थोडा वेळ मागे पडतो. सिंधुदुर्गातल्या अनेक कोकणी मुस्लीम घरांतही कुर्ली पिढ्यान्‌पिढ्या शिजत आली आहे. पण याच घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलाने मोबाइलवर ‘खेकडा हलाल आहे का’ असं शोधलं, तर उर्दू-हिंदीतली बरीचशी उत्तरं ‘नाही’ अशी येतात. म्हणजे आजी आयुष्यभर चुकीचं खात आली? की मोबाइलवरचा मुफ्ती चुकतोय?

प्रश्न वरवर स्वयंपाकघरातला वाटतो, पण त्याच्या पोटात मोठा प्रश्न आहे. इस्लाममधली श्रद्धा हे सगळ्यांसाठी सारखंच असलेलं वस्तुनिष्ठ सत्य आहे, की ज्याने-त्याने लावलेला अर्थ? या प्रश्नाचं उत्तर इस्लामी परंपरेतच बऱ्याच बारकाईने दिलेलं आहे आणि ते समजून घ्यायला मालवणचा किनारा ही चांगली जागा आहे.

वाद नेमका काय आहे?

सुन्नी मुस्लिमांमध्ये कायद्याचे चार प्रमुख पंथ आहेत. त्यांना मझहब म्हणतात : हनफी, मालिकी, शाफई आणि हनबली. चौघांचं कुराण एकच, प्रेषित एकच, दिवसाच्या नमाजाही पाचच. फरक आहे तो आचरणाच्या तपशिलात.

भारतातले बहुसंख्य सुन्नी हनफी आहेत. घाट चढून कोल्हापूर-सांगलीकडे गेलात तर तिथेही मुख्यतः हनफी परंपराच भेटते. कोकण किनाऱ्यावरचे मुस्लीम मात्र मोठ्या प्रमाणावर शाफई आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्गात मुस्लिमांचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. समाज छोटा असला तरी नोकरी, लग्नसंबंध आणि व्यापार यांमुळे दोन्ही परंपरा एकमेकींच्या शेजारी नांदतात.

हनफी मतानुसार समुद्रातला फक्त मासा हलाल. कुर्ली, शेवंड, माकुल, कालवं, तिसरे, शिनाणे यातलं काहीच चालत नाही. सुंगटाबाबत हनफींमध्येच दोन मतं आहेत. कोळंबीला मासा म्हणायचं की नाही, यावर ते ठरतं. शाफई मतानुसार समुद्रातला जवळजवळ प्रत्येक जीव हलाल. शिया परंपरेत नियम आणखी वेगळा : खवले असलेला मासा चालतो, कोळंबीही चालते, खेकडा नाही.

कोकणात शाफई परंपरा आली कुठून?

समुद्रावरून. येमेन, हद्रामौत आणि इराणच्या आखातातले व्यापारी मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन पश्चिम किनाऱ्याला लागत. अरब प्रवासी अल-मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चौलला आला, तेव्हा तिथे मुस्लिमांची मोठी वस्ती असल्याची नोंद त्याने केली आहे. हीच जलवाट पुढे भटकळ, केरळ, श्रीलंका आणि इंडोनेशियापर्यंत जाते. या सगळ्या किनाऱ्यांवर शाफई परंपरा आढळते. उत्तर भारतात आणि दख्खनच्या पठारावर इस्लाम मुख्यतः मध्य आशियाच्या खुष्कीच्या मार्गाने पसरला आणि तिथे हनफी परंपरा रुजली.

म्हणजे कोकणातला माणूस शाफई का, याचं पहिलं उत्तर भूगोलात आहे. त्याच्या पूर्वजांनी चारही पंथ तपासून त्यातला एक निवडला, असं सहसा झालेलं नाही.

ही परंपरा फक्त आयात केलेली मात्र नव्हती. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे शाफई विद्वान. त्यांनी अरबीत कुराणावर भाष्य लिहिलं. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर बसून कुराणाचा अर्थ लावण्याचं काम चाललेलं होतं.

एकाच आयतीतून दोन अर्थ कसे निघतात?

कुराणाच्या पाचव्या सूरेत समुद्रातली शिकार आणि समुद्रातलं अन्न खाण्यास परवानगी आहे. शाफई म्हणतात, इथे ‘समुद्रातलं अन्न’ असा सरसकट उल्लेख आहे, मग आपण त्यात कात्री कशाला लावायची? समुद्राचं पाणी पवित्र आणि त्यातलं मेलेलंही हलाल, या आशयाची हदीसही ते आधाराला घेतात.

हनफींचा युक्तिवाद वेगळ्या टोकाकडून सुरू होतो. कुराणाने मेलेला प्राणी खाणं निषिद्ध केलं आहे. हदीसमध्ये मासा आणि टोळ हे दोन अपवाद सांगितले आहेत. मग अपवाद तेवढाच ठेवायचा. शिवाय किळसवाणं खाणं कुराणात वर्ज्य आहे आणि माशाखेरीज इतर जलचर त्यांनी त्यात धरले.

दोन्ही बाजू मूळ वचन मान्यच करतात. वाद आहे तो सरसकट नियम आधी धरायचा की निषेध आधी धरायचा, यावर. वकिलांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल, कारण कोणताही कायदा वाचताना तो येतोच. या शास्त्राला ‘उसूल-ए-फिकह’ म्हणजे अर्थ लावण्याचे नियम म्हणतात. ‘फिकह’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थच ‘समज’ असा आहे. अल्लाहचा हुकूम म्हणजे शरिया आणि माणसाला झालेलं त्याचं आकलन म्हणजे फिकह. अभ्यासक हा फरक काटेकोरपणे पाळतात. रोजच्या वादात तोच सर्वांत आधी विसरला जातो.

कुर्लीवर शाफईंचं तरी एकमत आहे का?

पूर्णपणे नाही. तेराव्या शतकातले इमाम नववी हे शाफई पंथातलं मोठं नाव. त्यांच्या ‘मिन्हाज’ या ग्रंथात जमीन आणि पाणी दोन्हीकडे जगणारे जीव निषिद्ध ठरवले आहेत आणि उदाहरणांत बेडकासोबत खेकडाही आहे. त्यांच्याच ‘मजमू’ या दुसऱ्या ग्रंथात मात्र बेडूक वगळता समुद्रातलं सगळं हलाल असल्याचं मत ग्राह्य धरलं आहे. लेखक एकच, पंथ एकच, पण दोन ग्रंथांत दोन निकाल.

हा पेच एकविसाव्या शतकात इंडोनेशियात पुन्हा समोर आला. तिथली बहुसंख्य जनता शाफई आणि खेकडा हा खाद्यसंस्कृतीचा मोठा भाग. तिथल्या उलेमा परिषदेने २००२ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञांना विचारलं : खेकडा खरोखर दोन्हीकडे जगतो का? उत्तर आलं की हे खेकडे कल्ल्यांनी श्वास घेतात, पाण्यातच वाढतात आणि अंडीही पाण्यातच सोडतात. पाण्याबाहेर ते काही काळ तग धरतात, एवढंच. मग परिषदेने खेकडा हलाल ठरवला. ज्या सिला गटातल्या खेकड्यांवर ही चर्चा झाली, त्याच गटातली चिखलातली कुर्ली मालवणजवळच्या कर्ली आणि कालावलच्या खाड्यांत, कांदळवनात सापडते.

या निर्णयात दोन वेगळे भाग आहेत. कुर्ली श्वास कसा घेते, ही वस्तुस्थिती. ती प्रयोगशाळेत तपासता येते, धर्म कोणताही असो. पण त्या वस्तुस्थितीला धर्माचा कोणता नियम लावायचा, हा अर्थ लावण्याचा भाग. विज्ञानाने पहिला प्रश्न सोडवला. दुसऱ्याला विज्ञानाकडे उत्तर नाही.

मग श्रद्धा सत्य आहे की वैयक्तिक अर्थ?

पारंपरिक इस्लामी विचारात याचं उत्तर दोन थरांत दिलं जातं. अल्लाह एक आहे, मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत, कयामत येणार आहे, पाच नमाज फर्ज आहेत, हा पहिला थर. याला ‘कतई’ म्हणजे निश्चित मानतात. श्रद्धावानासाठी हे सत्य आहे. ते त्याचं खासगी मत नाही आणि त्यावर पंथांमध्ये वादही नाही. दुसरा थर ‘जन्नी’ म्हणजे संभाव्य. तपशिलाचे असंख्य प्रश्न इथे येतात आणि इथे प्रामाणिक मतभेद चालतो.

अर्थात पहिल्या थरातलं सत्य मोजपट्टीने सिद्ध करता येत नाही. न मानणाऱ्यासाठी तो श्रद्धेचा दावाच राहतो. कुर्लीचे कल्ले आणि कयामत हे दोन्ही ‘सत्य’ या एकाच शब्दात कोंबले की चर्चेचा गोंधळ होतो.

दुसऱ्या थरासाठी इमाम शाफई (७६७–८२०) यांनी ‘रिसाला’ या ग्रंथात दिलेलं किब्ल्याचं उदाहरण समजायला सोपं आहे. नमाज काबागृहाकडे तोंड करून पढायची असते. मक्केत काबा समोर दिसतो, तिथे प्रश्नच नाही. पण दूरच्या प्रवाशाने काय करायचं? वारा, तारे, डोंगर पाहून त्याने आपल्या परीने दिशा ठरवायची आणि नमाज पढायची. दोन प्रवाशांचा अंदाज वेगळा निघाला, तर ज्याने-त्याने आपल्या अंदाजाने पढायची.

मालवणपुरतं बोलायचं तर मक्का इथून सुमारे ३,६०० किलोमीटरवर आहे. बोलताना सर्रास ‘पश्चिम’ म्हटलं जातं, पण गोलाकार पृथ्वीवरचं गणित केलं तर किब्ला नेमक्या पश्चिमेपासून जवळपास १५ अंश उत्तरेकडे येतो. आज हे मोबाइलवर कळतं. शंभर वर्षांपूर्वी सरळ समुद्राकडे तोंड करून पढलेली नमाज त्यामुळे वाया गेली, असं कोणताही जबाबदार आलिम म्हणत नाही. काबा एकाच जागी आहे, तिथे दोन मतं नाहीत. पण माणसाकडून अपेक्षा आहे ती त्याच्या आवाक्यातल्या प्रामाणिक प्रयत्नाची.

या प्रयत्नाला ‘इज्तिहाद’ म्हणतात. निवाडा करणारा बरोबर ठरला तर त्याला दुप्पट पुण्य आणि प्रयत्न करूनही चुकला तरी एक पुण्य, अशा आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. म्हणजे सत्य एकच, पण ते माझ्याच हातात आहे असा हट्ट नको. त्याच वेळी ‘मला वाटतं म्हणून’ एवढंही पुरेसं नाही. अर्थ लावायला भाषा, पुरावा आणि पद्धत लागते.

खुद्द इमाम शाफईंनी मतं बदलली. इराकमधली त्यांची मतं ‘कदीम’ म्हणजे जुनी आणि इजिप्तला गेल्यानंतरची ‘जदीद’ म्हणजे नवी, अशी नोंद पंथाच्या ग्रंथांत आजही वेगळी ठेवली जाते.

चंद्र एकच, मग ईद दोन दिवशी का?

सर्वांना माहीत असलेलं दुसरं उदाहरण ईदच्या चंद्राचं. २०२४ मध्ये केरळात रमजान ईद १० एप्रिलला झाली, महाराष्ट्रात ११ एप्रिलला. अमावस्येच्या क्षणाबद्दल वाद असायचं कारणच नव्हतं. त्याच वेळी अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं. भारतीय वेळेनुसार ८ एप्रिलच्या रात्री बारा वाजायच्या थोडं आधी अमावस्या झाली. ९ एप्रिलला सूर्य मावळला तेव्हा चंद्राचं वय जेमतेम १९ तास होतं. एवढी बारीक कोर नुसत्या डोळ्यांना कुठे दिसते, कुठे नाही.

इथे तीन प्रश्न एकात मिसळतात. चंद्र कधी जन्मला, हे गणित. तो दिसण्याची शक्यता किती, हा क्षितिज आणि हवामानाचा हिशेब. आणि एका ठिकाणी दिसलेला चंद्र दुसऱ्या ठिकाणी लागू धरायचा का, हा फिकहचा प्रश्न. शाफई परंपरेत दूरच्या प्रदेशाला त्याचं स्वतःचं क्षितिज, असं मत प्रबळ आहे. जुन्या हनफी मतानुसार एकीकडची खात्रीची साक्ष सगळीकडे चालू शकते. प्रत्यक्षात स्थानिक चंद्र समित्या आपापले निर्णय घेतात. तुर्कस्तानात आणि उत्तर अमेरिकेतल्या फिकह कौन्सिलने तर डोळ्यांऐवजी खगोलगणित मान्य केलं आहे.

असाच फरक असरच्या नमाजेत आहे. दुपारच्या मूळ सावलीत वस्तूच्या उंचीएवढी भर पडली की शाफईंची असर सुरू होते. हनफी उंचीच्या दुप्पट भर धरतात. मार्चच्या अखेरीस मालवणात पहिली वेळ साधारण चारच्या सुमारास येते, दुसरी पाचच्या सुमारास. सूर्य तोच, सावली तीच, तासाचा फरक अर्थाचा.

पण यात कुणाचं काय अडतं?

खाणं आणि सणाची तारीख इथवर मतभेद निभावून जातात. लग्न आणि तलाकचा प्रश्न आला की अर्थ लावण्याची किंमत कळते.

कोकण किनाऱ्यावरचे अनेक मुस्लीम पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मचव्यांवर आणि पुढे आगबोटींवर खलाशी म्हणून गेले. त्यातला एखादा परत आलाच नाही, तर मागे राहिलेल्या बायकोने किती काळ थांबायचं? जुन्या हनफी मतात नवऱ्याच्या वयाची माणसं हयात असेपर्यंत थांबणं अपेक्षित होतं, म्हणजे व्यवहारात जन्मभर. मालिकी पंथात चार वर्षं. इमाम शाफईंचं जुनं मत चार वर्षांचं होतं. नवं मत मृत्यूची खात्री होईपर्यंत थांबण्याचं.

ब्रिटिश काळात हनफी स्त्रियांची ही कोंडी इतकी वाढली की मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या हनफी उलेमांनीच मालिकी मत उसनं घ्यायला मान्यता दिली. त्यातून मुस्लीम विवाह विच्छेद कायदा, १९३९ आला. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल किंवा दोन वर्षं पोटगी देत नसेल, तर पत्नी कोर्टातून विवाह रद्द करून घेऊ शकते, अशी तरतूद त्यात आहे. कुराणातला एक शब्दही बदलला नाही. बदलला तो अर्थ, आणि असंख्य स्त्रियांना वाट मिळाली.

उलट बाजूही आहे. एका दमात तीनदा तलाक उच्चारून लग्न मोडण्याची पद्धत अनेक वर्षं ‘धर्माचा कायदा’ म्हणूनच चालली. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाने शायरा बानो प्रकरणात ती ३ विरुद्ध २ मतांनी रद्द ठरवली. बहुमतातल्या न्या. कुरियन जोसेफ यांनी ही प्रथा कुराणाविरुद्ध असल्याचा आधार घेतला. न्या. नरिमन आणि न्या. लळित यांनी ती मनमानी असल्याचा. अल्पमतातल्या दोघांच्या मते ती व्यक्तिगत कायद्याचा भाग होती. पाच न्यायाधीश, एकच प्रश्न, तीन वाटा. २०१९ च्या कायद्याने असा तलाक गुन्हा ठरला.

अर्थ लावायचा अधिकार कुणाला?

या प्रश्नावर महाराष्ट्रातून तीन वेगळी उत्तरं पुढे आली. माथेरानला जन्मलेले कायदेपंडित आसफ अली असगर फैजी यांनी १९६३ च्या ‘अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम’मध्ये धर्म आणि कायदा वेगळे करून पाहावेत, अशी भूमिका मांडली. श्रद्धा टिकू शकते, कायदा काळाबरोबर बदलतो.

चिपळूण तालुक्यातल्या मिरजोळीचे हमीद दलवाई (१९३२–१९७७) त्यापुढे गेले. धर्मग्रंथाचा नवा अर्थ शोधत बसण्यापेक्षा माणूस म्हणून मिळणारे हक्क आणि राज्यघटना पुरेशी आहे, असा त्यांचा रोख होता. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लीम महिलांना घेऊन त्यांनी मुंबईत विधान भवनावर मोर्चा नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लीम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं.

मुंबईतले असगर अली इंजिनिअर (१९३९–२०१३) यांनी उलट वाट धरली. व्यवसायाने अभियंता असलेल्या या दाऊदी बोहरा विचारवंताचं म्हणणं होतं की कुराणच नव्याने वाचलं तर त्यात न्याय आणि समता सापडते. अडसर आहे तो पुरोहितशाहीचा. याच वाटेवर भारतीय मुस्लीम महिला आंदोलनाने हाजी अली दर्ग्यातल्या प्रवेशबंदीविरुद्ध लढा दिला आणि २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई हायकोर्टाने महिलांच्या बाजूने निकाल दिला.

परंपरावादी उलेमांचा आक्षेपही नीट ऐकायला हवा. औषध देताना डॉक्टरकीचं शिक्षण लागतं, तसं फतवा देताना फिकहचं लागतं, असं ते म्हणतात. अर्थ लावण्याचं दार सगळ्यांसाठी उघडं केलं तर त्यातून कट्टर माणूसही हवा तो अर्थ काढेल, ही भीती निराधार नाही. सुधारकांचा प्रतिप्रश्न असा : शतकानुशतकं हा अधिकार जवळजवळ फक्त पुरुषांकडे राहिला, मग त्यांच्या आकलनालाच अल्लाहचा हुकूम का म्हणायचं?

कोर्टही या पेचातून सुटलेलं नाही. १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणापासून धर्माचा ‘अत्यावश्यक’ भाग कोणता, हे न्यायाधीश ठरवत आले आहेत. हिजाबच्या वादात कर्नाटक हायकोर्टाने मार्च २०२२ मध्ये तो अत्यावश्यक नसल्याचं म्हटलं. ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांत मतभेद झाला आणि न्या. धुलिया यांच्या मते तर या प्रकरणात तो प्रश्न विचारण्याचीच गरज नव्हती.

मोबाइलवरच्या उत्तराचं काय करायचं?

‘खेकडा हलाल आहे का’ या प्रश्नाला सर्च इंजिन एका ओळीत उत्तर देतं. ते कोणत्या मझहबचं आहे, हे बहुतेक वेळा त्या ओळीत नसतं. उपखंडातला उर्दू-हिंदी मजकूर मुख्यतः हनफी असल्याने कोकणातल्या शाफई घरात तो परक्या गावच्या वेळापत्रकासारखा येऊन पडतो. उत्तर हनफींसाठी बरोबर असतं. चूक होते ती ‘इस्लाम असं सांगतो’ म्हणून ते सगळ्यांना लावण्यात.

असा मजकूर समोर आला तर तीन गोष्टी विचारता येतात. यातली तपासता येण्याजोगी वस्तुस्थिती कोणती? कोणत्या पंथाचा, कोणत्या आधारावरचा हा अर्थ आहे? आणि त्याच पंथात दुसरं मत आहे का? उत्तर देणारा यातलं काहीच न सांगता थेट ‘हराम’ म्हणत असेल, तर तो अल्लाहचा हुकूम सांगत नसून आपली समज सांगतोय, एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

राहिला प्रश्न आजीचा. इमाम नववींच्या ‘मजमू’पासून इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेपर्यंत तिच्या बाजूने भक्कम आधार आहे. हनफी घरात दिलेल्या तिच्या नातीने सासरी कुर्ली खाणं सोडलं, तर तिच्याही बाजूने आहे. दोघी एका ताटावर बसल्या आणि एकीने कुर्ली उचलली, दुसरीने फक्त बांगडा, तर इस्लामी कायद्याच्या बाराशे वर्षांच्या परंपरेत दोघींपैकी कुणीही धर्माबाहेर जात नाही.